वचनांचा डबा

ही २०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी ऑक्टोबर संपला तरी लोणावळ्यातला पाऊस हटला नव्हता. भांगरवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला आतून हिरवं धरलं होतं आणि आमच्या यांना, म्हणजे शांतवनना, अंथरुणाला खिळून तिसरं वर्ष सरत आलं होतं.

हे रेल्वेत होते. कर्जतहून निघालेल्या गाडीला मागून रेटा देऊन घाट चढवणारी इंजिनं असतात, त्यांवर ड्रायव्हर. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या ढकलल्या," असं स्वतःच हसून म्हणायचे. पुढे झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. एकच शब्द तोंडात राहिला, "सिग्नल". चहा हवा असला तरी सिग्नल, पाठ दुखली तरी सिग्नल, माशी बसली तरी सिग्नल. सुरुवातीला आम्ही दोघं त्यावर हसायचो. त्यांचं हसू अर्ध्या तोंडात यायचं. मग माझं हसू संपलं.

माझं वय तेव्हा एकाहत्तर. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पावडर लावायची, साखरेची सुई टोचायची, पेज भरवायची, पुन्हा वळवायचं. थकवा म्हणजे पाय दुखणं, कंबर धरणं, असं मला तोवर वाटायचं. पण थकवा प्रार्थनेतही उतरतो. मी प्रार्थनेला डोळे मिटायची आणि आत काहीच नसायचं. लहानपणापासून मला प्रार्थना यायची. आमचे वडील सुवार्तिक होते, शुभवर्तमान सांगत इंदुरी, उर्से, पार पवन मावळापर्यंत सायकलवर फिरायचे. घरात जेवणाआधी, झोपायच्या आधी, परीक्षेआधी प्रार्थना. शब्द कधी कमी पडले नव्हते. त्या वर्षी कमी पडले. रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटायचे तेव्हा मीही मिटायची, आणि झोपायची.

डब्याचं आता सांगते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जुना रिवाज आहे. ३१ डिसेंबरच्या उपासनेनंतर ताटात चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन. लहानमोठे सगळे एकेक उचलतात, आणि जे निघेल ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. लोक ते कपाटाला चिकटवतात, पाकिटात ठेवतात. या चिठ्ठ्या आधी माझ्या सासूबाई लिहायच्या. रेल्वेच्या रद्दीतले जाड कागद कापून, जांभळ्या शाईने. त्या गेल्यावर मी लिहू लागले, वहीच्या पातळ कागदावर. पुढे पुण्याहून छापील कार्डं यायला लागली, गुलाबाची फुलं नि डोंगर असलेली, आणि आमच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात भरून घरी परत आल्या. बरीच वर्षं तो डबा कपाटावर पडून होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी तो खाली काढला. प्रार्थनेला शब्द येत नाहीत, तर निदान देवाचा तरी एक शब्द रोज ऐकू, एवढंच मनात होतं. सकाळी यांचं आवरलं की एक चिठ्ठी काढायची, वाचायची, घडी घालून परत टाकायची. बरं वाटायचं. पण हळूहळू वाचणं राहिलं बाजूला, मी विचारायला लागले. आज ताप उतरेल का? निलेश दिवाळीत येईल का? निलेश आमचा मुलगा, नाशिकला कारखान्यात असतो. चिठ्ठी काढायची आणि तिच्यात होय की नाही ते शोधायचं. मनासारखं निघालं नाही की आणखी एक काढायची.

धोंडाबाईने हे पाहिलं. धोंडाबाई कुसगावची, आमच्याकडे दूध घालायची. एक दिवस किटली खाली ठेवून दारातच बसली.

"काय वं बाई, रोज काय वाचत आसता?"

"वचन. आजच्या दिवसासाठी देव काय म्हणतो ते."

"मंग माज्या म्हशीचं इचारा की. दावं तोडून गेली परवापासनं. मालक वनवन हिंडतोय."

"अगं, असं म्हशीचं विचारत नाहीत."

"का? म्हस काय तुमच्या देवानं न्हाई केली?"

मला हसू आलं. काढली एक. दावीदाच्या स्तोत्रातल्या मेंढपाळाची चिठ्ठी निघाली, हिरवं कुरण आणि संथ पाणी. मी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी धोंडाबाई किटली हिंदकळत पळत आली.

"सापडली! वळवणच्या धरनाच्या कडंला, पोटापातूर गवतात हुबी! म्होरं पानी, खाली गवात. तुमच्या कागदानं सांगितल्यावानी!"

पावसाळ्यात मावळात म्हैस गवतात आणि पाण्याजवळ सापडणार नाही तर कुठे सापडणार? हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी बोलले नाही. धोंडाबाईने दुधाबरोबर ही बातमी कुसगावपासून बाजारपेठेपर्यंत घरोघर घातली.

मग माणसं येऊ लागली. कुणाला बदलीचं विचारायचं, कुणाला ऑपरेशनचं, कुणाला रिक्षा घेऊ की नको. आमच्या शेजारची जैतुनबी, तीस वर्षांपासूनची शेजारीण, तिचा थोरला मुलगा मकसूद बाजारात स्टो नि कुकर दुरुस्त करायचा, तीही एकदा पदर सावरत येऊन बसली.

"काढ गं एक, आमच्या शादाबसाठी. कुवेतचं काम होतंय का नाय ते बघ."

"जैतुन, तुला चालतं का हे?"

"तुझा ईसा आमचापण पैगंबर हाय. आणि नातू माझा हाय. काढ."

देवाने अब्राहामाला आपला देश सोडून जायला सांगितलं, ती चिठ्ठी निघाली. जैतुनबीने दोन्ही हातांनी माझी बोटं कवटाळली.

माझ्या मोठ्या नणंदेला, एस्तेरवन्संना, हे कळल्यावर त्या तळेगावहून दर गुरुवारी यायला लागल्या. वन्सं कडक बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी समोरच्या माणसाकडे त्या हजेरी घेतल्यासारखंच बघायच्या. त्यांनी या बसण्याला शिस्त लावली. आधी एक भजन, मग प्रार्थना, मग डबा. "रत्ना, तुला देवाचं दान मिळालंय," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या होत्या, त्यांना आमच्याकडे बघायला फुरसत नसायची. एकदा रविवारी हात मिळवताना ते म्हणाले, "आजी, जरा जपून." मी म्हटलं, "वचनच तर आहे, पाळकसाहेब." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचा हात धरला.

गुरुवारचा तो एक तास मला हवा असायचा. त्या तासाला जैतुनबी आत यांच्याजवळ बसायची आणि मी बाहेर खुर्चीत, धुतलेल्या साडीत, केस विंचरलेले. कुणीतरी माझ्या हातात चहा द्यायचं. औषधाचा आणि ओल्या चादरींचा वास दाराच्या पलीकडे राहायचा. माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. तीन वर्षं माझ्या तोंडाकडे कुणी बघितलं नव्हतं.

सप्टेंबरात धोंडाबाई आणि तिचा नवरा मारुती माधवीच्या स्थळाचं विचारायला आले. माधवी त्यांची धाकटी. मुलगा उर्स्याचा, टोलनाक्यावर कामाला, नवं घर बांधत होता. चिठ्ठी निघाली ती वाळूवर बांधलेल्या घराची, पूर येतो आणि घर पडतं ती. मी वाचली. मारुतीचा चेहरा उतरला.

"त्येंचं घर वढ्याच्या कडंलाच हाय," तो म्हणाला.

त्यांनी स्थळ मोडलं. पुढच्या आठवड्यात दूध घेऊन माधवी आली. किटली तिने आत आणली नाही, उंबऱ्यावरच ठेवली.

"आजी, त्याच्या घराची वाळू तुमच्या डब्यात कुटनं आली?"

"माधवी, ते वचन आहे बाळ. मी काही..."

"वाळू तर सगळ्याच घरात आसती. तुमच्या न्हाई का? स्लॅब काय नुसत्या शिमिटाचा आसतो?"

"तुला तो मुलगा पसंत होता का?"

"आता इचारताय व्हय?" ती म्हणाली, दूध माझ्या पातेल्यात ओतलं आणि गेली. तिचा आवाज चढला नव्हता. पातेल्यात दुधावर फेस तसाच राहिला, मी बराच वेळ ते गॅसवर ठेवलंच नाही.

मी वन्संना फोन करून म्हटलं की आता पुरे करू. "एका पोरीच्या रागासाठी देवाचं काम बंद करतेस?" त्या म्हणाल्या. गुरुवार चालू राहिला. मी चालू ठेवला.

नोव्हेंबरात यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. ज्या अंगात जीव होता त्याच अंगाचा पाय. साखरेमुळे आधी लहानशी जखम होती, ती वर सरकत गेली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. ओटीवर येऊन मला म्हणाले, "गुडघ्याखालून काढावा लागेल. काढला तर बरीच वर्षं राहू शकतील, हृदय चांगलं आहे. नाही काढला तर विष चढेल, मग फार दिवस नाहीत. वय बघता पुष्कळ लोक नको म्हणतात, त्यातही चूक नाही. सोमवारी सकाळपर्यंत सांगा."

बरीच वर्षं, हे दोन शब्द माझ्या कानात राहिले. डॉक्टरांनी ते चांगल्या बातमीसारखे सांगितले होते.

निलेशला फोन केला. "आई, मी काय सांगणार? करायचं सगळं तुलाच आहे. तू ठरव, मी तुझ्या मागे आहे." तोही चूक नव्हता. सगळेच माझ्या मागे होते.

वन्सं म्हणाल्या, "यात ठरवायचं काय? रविवारी उपासनेनंतर उपास धरू आणि वचन काढू. जे निघेल ते देवाचं. मग कुणी तुला बोल लावणार नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझा भाऊ दोन पायांनी आला, दोन पायांनी जावा, असं मला वाटतं. पण मी कोण?"

रविवारी दुपारी घरात सगळे जमले. वन्सं, मंडळीतल्या चारपाच बायका, उंबऱ्याशी धोंडाबाई. जैतुनबी आत यांच्यापाशी होती. पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं होतं, ट्यूब लावावी लागली. भजन झालं. वन्संनी प्रार्थना केली, लांब आणि नीट. माझ्या मांडीवर डबा होता. मी झाकण काढलं आणि हात आत घातला.

आजवर कुणाला माहीत नव्हतं ते इथे सांगावं लागेल. तो डबा माझ्या बोटांना पाठ होता. सासूबाईंच्या चिठ्ठ्या जाड, माझ्या पातळ. त्यांची घडी उभी, माझी आडवी. एका चिठ्ठीचा कोपरा उंदराने खाल्लेला, एक तेलाने चिकट झालेली. आणि एक होती ती मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेल्या धोतरासारखी. ओझ्याने वाकलेल्यांना प्रभू आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देतो म्हणतो, ती. उन्हाळ्यापासून मी ती इतक्यांदा काढली होती, इतक्यांदा उघडून मिटली होती, की अंधारातही ओळखली असती. गेल्या काही महिन्यांत मी न बघता चिठ्ठी काढते असं म्हणत होते आणि ते खरंही होतं. पण बघायची गरज मला उरली नव्हती.

हात आत गेला आणि बोटांनी ती शोधली. शोधली म्हणजे मी काही ठरवलं नव्हतं. पाण्याकडे म्हैस जाते तशी बोटं गेली. मऊ कागद अंगठ्याखाली आला.

पुढचं सगळं मला दिसलं. मी ती काढणार, वन्सं वाचणार, त्यांचा आवाज कापणार. विसावा. बायका डोळ्यांना पदर लावणार. कुणी म्हणणार, देवाने बोलावलंय त्यांना. सोमवारी मी डॉक्टरांना सांगणार, नको. आणि आठवड्याभरात, दहा दिवसांत, मी झोपणार. एक रात्र सलग. दोन रात्री. कुणी मला काही म्हणणार नाही, निलेश नाही, वन्सं नाहीत, माझी मीसुद्धा नाही. कारण ते वचन होतं. खोटं तर नव्हतंच. शास्त्रातलं सगळ्यात गोड वचन.

वडिलांनी लहानपणी रानातल्या परीक्षेचा धडा शिकवला होता. सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि उडी मार, देवदूत झेलतील असं शास्त्रात लिहिलंय, म्हणतो. मी विचारलं होतं, "बाबा, सैतान वाईट बोलला का?" वडील म्हणाले होते, "नाही. शास्त्रच बोलला. त्याला शास्त्र पाठ आहे." मला तेव्हा ते समजलं नव्हतं आणि पुढे पासष्ट वर्षांत त्याची आठवणही आली नव्हती. त्या दुपारी आली. देवाला हातात धरून आपल्याला हवं ते त्याच्या तोंडून वदवायचं, आणि त्याला श्रद्धा म्हणायचं. मी टोकावरच बसले होते, मांडीवर डबा घेऊन.

मी प्रार्थना केली. महिनोन् महिने शब्द येत नव्हते, आताही फार आले नाहीत. "प्रभू, मी दमले. हा कागद मला हवाय. माझ्याने सुटत नाही, तू सोडव." एवढंच. ओठ हलले नसतील. उत्तर आलं नाही, ऊब आली नाही, उजेड पडला नाही. ट्यूब तशीच फडफडत होती. मी तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. समोर बायका वाट बघत होत्या, कुणीतरी खोकलं. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण माझा खांदा अवघडला एवढं आठवतं. मग अंगठा सैल पडला. मी हात बाहेर काढला.

"रिकामाच?" वन्सं म्हणाल्या. "चिकटल्या का चिठ्ठ्या?"

"नाही. मी काढत नाही."

"अगं, उपास धरलाय सगळ्यांनी."

"उपास सोडा. मी चहा टाकते."

"रत्ना! देवापुढे बसून हा काय पोरखेळ?"

"वन्सं, हा डबा मला पाठ आहे. कुठली चिठ्ठी कुठली, हे बोटांना कळतं. आता मी जी काढली असती ती देवाने दिलेली नसती, मी घेतलेली असती."

धोंडाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "मंग माज्या म्हशीचं?"

"म्हशीचं खरंच मला माहीत नव्हतं गं. पण म्हैस गवतातच जाते."

वन्संचा चेहरा लाल झाला होता. "मग मी काढते," त्या म्हणाल्या. "मला तुझा डबा पाठ नाही." आणि त्यांनी हात पुढे केला.

हे मला सुचलं नव्हतं. त्यांनी काढली असती तर ती खरोखरच न बघता निघाली असती आणि माझा हात स्वच्छ राहिला असता. पुन्हा तोच मोह, दुसऱ्या हाताने. मी झाकण लावलं. त्यांची बोटं झाकणावर आली, माझी त्यांच्या बोटांवर. दोघी म्हाताऱ्या एका बिस्किटाच्या डब्यासाठी ओढाताण करतोय, हे कुणी बाहेरून बघितलं असतं तर हसलं असतं.

"तुम्हीही नको, वन्सं. पाय त्यांचा आहे. त्यांना विचारते."

"त्याला? तो काय सांगणार? सिग्नल?"

एका बाईला हसू फुटलं, तिने ते पदरात दाबलं. मी डबा घेऊन आत गेले.

जैतुनबी यांच्या पाठीमागे उशा लावून त्यांना बसतं करत होती. "आटोपलं का तुमचं?" तिने विचारलं. मी मान हलवली. डबा कपाटात ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले. तीन वर्षांत मी या माणसाशी किती बोलले होते! तोंड उघडा, कुशीवर व्हा, झालं, झालं, सुई आहे, दुखणार नाही. त्यात प्रश्न एकही नव्हता. उत्तर एकच असल्यावर कोण विचारणार?

"अहो," मी म्हटलं, "इकडे बघा. हा पाय सडलाय. डॉक्टर म्हणतात, इथून काढायचा." मी बोट त्यांच्या गुडघ्याखाली आडवं ठेवलं. "काढला तर राहाल. नाही काढला तर जाल. लवकर. मला हवं ते मी करणार नाही. तुम्ही सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते नेहमीच यायचं, त्यावरून काही कळायचं नाही. मग त्यांचा डावा हात हलला. हळूहळू पायाकडे गेला. आणि त्यांनी आपलं बोट आडवं ठेवलं. माझ्या बोटाच्या कितीतरी खाली, घोट्यापाशी.

"सिग्नल," ते म्हणाले.

जैतुनबी म्हणाली, "या अल्ला, भाव करतायत!"

मी बोट पुन्हा गुडघ्याखाली ठेवलं. "इथून. डॉक्टरांनी इथून सांगितलंय."

त्यांनी बोट घोट्यावरून थोडं वर सरकवलं. पोटरीच्या मध्यावर.

"इथून," मी म्हटलं.

"सिग्नल."

"नाही हो, इथून. खालून काढला तर पुन्हा चढेल."

ते थांबले. मग त्यांचं बोट वर येऊन माझ्या बोटाला टेकलं. टेकून राहिलं. अर्ध्या तोंडात हसू आलं. मी हसले. जैतुनबी तर तोंडावर हात धरून हलत होती. मी वर बघितलं तेव्हा दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या पर्स उचलून चहा न घेता गेल्या.

हसू थांबलं तेव्हा मला ते उमगलं. त्यांना जगायचं होतं. या खोलीत, या वासात, माझ्या हातून पेज खात. मला वाटायचं ते सुटकेची वाट बघत असतील. वाट मी बघत होते. मी त्यांच्या पायाशी डोकं टेकलं, चांगल्या भागाशी, आणि मघाचीच प्रार्थना केली, नुसतं 'मी दमले' एवढीच. उठले तेव्हाही थकवा होता तेवढाच होता. पण आत कुणीतरी ऐकणारं आहे, असं बऱ्याच महिन्यांनी वाटलं. मग पातेलं धुतलं, यांना वळवलं. सोमवारी डॉक्टरांना होय म्हणून सांगितलं.

गुरुवार त्यानंतर बंद झाले. येणाऱ्यांना मी म्हणायची, बसा, तुमच्यासाठी प्रार्थना करू, पण चिठ्ठी नाही. पुष्कळजण चहा पिऊन जायचे आणि परत यायचे नाहीत. थोडे यायचे. चिठ्ठ्या मी संडे स्कूलच्या मुलांना पाठांतरासाठी देऊन टाकल्या, त्यांनी वर्षभरात निम्म्या हरवल्या.

आता पुढचं. ऑपरेशन तळेगावच्या एका दवाखान्यात झालं आणि नीट झालं. शांतवन त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले. निलेशने चाकांची खुर्ची आणून दिली. तीत बसून ते संध्याकाळी ओटीवरून घाटातल्या इंजिनांचे भोंगे ऐकायचे. ती दोन वर्षं सोपी नव्हती. मी कितीतरी वेळा चिडले, एकदा पेजेची वाटी भिंतीवर मारली. २०२२ च्या जानेवारीत ते झोपेतच गेले. मी त्यानंतर खूप झोपले, पण वाटलं होतं तेवढी गोड झोप ती नव्हती.

निलेश नाशिकलाच आहे. मला बोलावतो, मी जात नाही.

जैतुनबीचा मकसूद करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ती आता धाकट्या लेकाकडे तळेगावला असते, ईदला आणि नाताळला फोन करते आणि दोन्ही वेळा रडते. शादाब कुवेतला गेला होता. लॉकडाऊनमध्ये परत आला आणि आता पर्यटकांना घेऊन गाडी चालवतो. तिकडचं विचारलं की विषय बदलतो.

धोंडाबाईच्या म्हशी विकल्या गेल्या. तिच्या गोठ्याच्या जागी आता एका हॉटेलचं पार्किंग आहे. मारुती तिथे शिट्टी घेऊन उभा असतो.

माधवीने उशिरा लग्न केलं, पुण्याच्या मुलाशी. उर्स्याच्या मुलाचं लग्न त्याआधीच झालं होतं आणि त्याचं घर ओढ्याकाठी अजून उभं आहे. माधवी माहेरी आली की बाजारात कधी दिसते. मी एकदा तिची माफी मागितली. "जाऊ द्या आजी," ती म्हणाली आणि भाजीवाल्याकडे वळली.

एस्तेरवन्सं वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. भावाच्या दफनाला आल्या तेव्हा कबरीपाशी माझा हात घट्ट धरला, तो घरापर्यंत सोडला नाही. डब्याचा विषय दोघींनीही काढला नाही. त्या आता पंच्याऐंशी ओलांडून गेल्यात, ऐकू कमी येतं. रोज सकाळी त्यांच्या फोनवर आपोआप एक वचन येतं, सूर्योदयाच्या चित्रासकट, ते त्या मला पाठवतात आणि लगेच फोन करतात.

"वाचलंस का?"

"वाचलं, वन्सं."

"काय म्हणतंय?"

मी मोठ्याने वाचून दाखवते, आणि मग आम्ही दोघी फोनवरच प्रार्थना करतो. त्यांना माझी ऐकू येत नाही, तरी शेवटी आमेन बरोबर म्हणतात.